मास्तर कृष्णराव फुलंब्रीकर

कृष्णराव गणेश फुलंब्रीकर ऊर्फ मास्तर कृष्णराव (जन्म : आळंदी, जि. पुणे, २० जानेवारी १८९८, मृत्यू : पुणे, २० ऑक्टोबर १९७४) हे हिंदुस्थानी शास्त्रीय संगीतातील गायक, मराठी नाट्यसंगीताचे व चित्रपटसंगीताचे रचनाकार, बंदिशकार आणि संगीतशिक्षक होते. भास्करबुवा बखले यांचे शिष्य, गंधर्व नाटक मंडळीचे संगीत दिग्दर्शक आणि प्रभात फिल्म कंपनीचे संगीतकार म्हणून ते महाराष्ट्रास परिचित आहेत. एका रागातून दुसऱ्या रागात, एका लयीतून दुसऱ्या लयीत आणि एका चालीतून दुसऱ्या चालीत श्रोत्याला धक्का न देता नेणे हा त्यांच्या गायनाचा आणि स्वररचनेचा विशेष होता. 'वंदे मातरम्' या गीतास समूहाला गाता येईल आणि बँडवर वाजवता येईल अशी चाल देऊन ते राष्ट्रगीत व्हावे यासाठी त्यांनी केलेला दीर्घ प्रयत्न हा त्यांच्या जीवनातील सर्वांत महत्त्वाचा अध्याय होय.

बालपण आणि रंगभूमीप्रवेश

फुलंब्रीकर घराणे मूळचे औरंगाबादजवळच्या फुलंब्रीचे. कृष्णरावांचा जन्म मात्र इंद्रायणीकाठच्या देवाच्या आळंदीत झाला. ज्ञानेश्वरांच्या समाधीमुळे जेथे पहाटेपासून टाळ-मृदंगाचा नाद असतो, त्या गावात अभंगाचा ठेका कानी न पडता मूल वाढणे अशक्यच. पुढे त्यांनी रंगभूमीवर अभंगाला जे स्थान मिळवून दिले, त्याचे मूळ या वातावरणात शोधणे वावगे ठरू नये.

घरची स्थिती साधारण होती आणि मुलाचा गळा गोड होता. त्या काळी अशा मुलाला नाटक मंडळीचे दार उघडे असे. नाट्यकला प्रवर्तक मंडळीत ते बालनट म्हणून दाखल झाले. सवाई गंधर्व त्या मंडळीत प्रमुख गायकनट होते आणि त्यांचे मार्गदर्शन कृष्णरावांना तेथे लाभले. 'मास्तर' ही उपाधी त्यांना याच वयात चिकटली. नाटकाच्या जाहिरातीत बालनटाच्या नावाआधी 'मास्टर' लिहिण्याची तेव्हा रीत होती. नट मोठा झाला की ही उपाधी सहसा गळून पडते. कृष्णरावांच्या बाबतीत ती शेवटपर्यंत राहिली, आणि ते खरोखरच शिक्षक झाल्यामुळे तिला दुसरा अर्थही प्राप्त झाला.

भास्करबुवांची तालीम

सन १९११ च्या सुमारास ते भास्करबुवा बखले (१८६९–१९२२) यांचे शिष्य झाले. बुवांनी ग्वाल्हेरची गायकी फैज महंमद खाँ यांच्याकडून, आग्र्याची नत्थन खाँ यांच्याकडून आणि जयपूरची अल्लादिया खाँ यांच्याकडून घेतली होती. तीन घराण्यांची तालीम एकाच गळ्यात मुरलेली असल्याने बुवांच्या गायनात ग्वाल्हेरचा मोकळा आवाज, आग्र्याची लयकारी आणि जयपूरची पेचदार तान एकत्र नांदत. कृष्णरावांनी गुरूंपासून घेतलेला सर्वांत मोठा वारसा हा होता : निरनिराळ्या उगमांचे प्रवाह मिसळावेत, पण सांधा दिसू नये.

बुवांनी पुण्यात १९११ साली भारत गायन समाज ही संस्था स्थापन केली. गंधर्व नाटक मंडळीच्या नाटकांनाही त्यांनी चाली दिल्या. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे 'स्वयंवर' (१९१६) हे त्यांतील मुकुटमणी. या कामात कृष्णराव त्यांच्या हाताशी होते. ख्यालाच्या भारदस्त बंदिशीचे तीन-चार मिनिटांच्या पदात रूपांतर कसे करावे, संवाद संपतो त्या स्वराच्या आसपास पदाचा आरंभ कसा ठेवावा, हे शिक्षण त्यांना येथे प्रत्यक्ष मिळाले. ८ एप्रिल १९२२ रोजी बुवांचे निधन झाले. त्यानंतर समाजाची आणि गंधर्व नाटक मंडळीच्या संगीताची धुरा कृष्णरावांवर आली. तेव्हा ते अवघे चोवीस वर्षांचे होते.

नाट्यसंगीत

खाडिलकरांची 'मेनका' (१९२६) व 'सावित्री' (१९३३), ना. वि. कुलकर्णी यांचे 'कान्होपात्रा' (१९३१), वसंत शांताराम देसाई यांचे 'अमृतसिद्धी' (१९३३) इत्यादी नाटकांना त्यांनी संगीत दिले. यांपैकी 'कान्होपात्रा' विशेष उल्लेखनीय ठरते. अभंग हा देवळाचा आणि दिंडीचा प्रकार. त्याला रंगमंचावर आणताना केवळ रागदारी चढवली तर भक्ती हरवते आणि नुसते भजन ठेवले तर नाटक थबकते. कृष्णरावांनी भजनी ठेक्याचा डौल राखून त्यात रागाचा विस्तार बसवला. बालगंधर्वांच्या कंठातून हे अभंग लोकांपर्यंत पोहोचले आणि लवकरच शास्त्रीय मैफलीची सांगता अभंगाने करण्याची प्रथा रूढ होण्यास त्यांनी हातभार लावला.

पुढे मो. ग. रांगणेकरांच्या नाट्यनिकेतनसाठी त्यांनी 'कुलवधू' (१९४२) या नाटकाला चाली दिल्या. रात्रभर चालणाऱ्या, पंचवीस-तीस पदांच्या संगीत नाटकाचा काळ तेव्हा सरला होता. रांगणेकरांचे नाटक आटोपशीर होते, पदे मोजकी होती आणि नायिका ज्योत्स्ना भोळे या स्वतः गायिका होत्या. या नाटकातील 'बोला अमृत बोला' ही भैरवी आजही विद्यार्थ्यांना शिकवली जाते. जुन्या वळणात मुरलेल्या संगीतकाराने नव्या रंगभूमीची निकड इतक्या सहजतेने ओळखावी, याचे नवल वाटते.

स्वरपट्टी आणि लय : रचनेचे तंत्र

कृष्णरावांचे वैशिष्ट्य समजण्यासाठी दोन मूलभूत गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात.

पहिली गोष्ट स्वरपट्टी, म्हणजे गायकाने षड्ज म्हणून स्वीकारलेला स्वर. पेटीच्या एका सप्तकात पांढऱ्या सात आणि काळ्या पाच अशा बारा पट्ट्या असतात. त्यांतील कोणतीही षड्ज मानता येते. म्हणूनच गायक आपला सूर काळी चार, पांढरी एक अशा शब्दांत सांगतात. दोन रचना पाठोपाठ सादर करताना दोहोंचा षड्ज वेगळा असेल तर कानाला ठेच लागते. मैफलीत तंबोरा एकच असल्यामुळे हा प्रश्न बहुधा उद्भवत नाही. नाटकात मात्र पात्रागणिक आवाज बदलतो, आणि चित्रपटात तर दर प्रसंगाला गायक बदलतो.

षड्ज तोच ठेवूनही स्वरांचा संच बदलला की राग बदलतो. दोन संचांत समान स्वर जितके अधिक, तितके हे संक्रमण सुलभ. बिलावल आणि खमाज या थाटांत केवळ निषादाचा फरक आहे, त्यामुळे एकातून दुसऱ्यात जाणे म्हणजे शेजारच्या घरात डोकावणे. मूर्च्छनेचा मार्ग याहून सूक्ष्म आहे. भूप रागाचे सा, रे, ग, प, ध हे पाच स्वर तसेच ठेवून गंधाराला षड्ज मानले तर मालकंस उमटतो, पंचमाला षड्ज मानले तर दुर्गा आणि धैवताला मानले तर धानी. पेटीवर एकही नवी पट्टी दाबावी लागत नाही. केवळ घराचा उंबरठा बदलतो. जिज्ञासू विद्यार्थ्याने हा प्रयोग पेटीवर स्वतः करून पाहावा.

दुसरी गोष्ट लय. विलंबित, मध्य आणि द्रुत या तिच्या ढोबळ पायऱ्या. एका चालीवरून दुसरीवर जाताना वेग एकाएकी बदलला तर श्रोत्याचा मनातल्या मनात चाललेला ठेका मोडतो. त्यावर दोन उपाय आहेत : वेग हळूहळू चढवणे, किंवा नवी चाल आधीच्या चालीच्या नेमक्या दुपटीत अथवा निमपटीत बसवणे. दुगुनीत मात्रा धावू लागतात, पण मूळ ठोका जागचा हलत नाही, म्हणून पाय थिरकत राहतो. समेवर संपवून समेवरच नव्याचा आरंभ करणे हे तर आपल्या तबलजींना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

कृष्णरावांचे मैफलीतील गाणे मध्य लयीकडे झुकणारे होते. एका रागाचा तासभर विस्तार करण्यापेक्षा थोडक्या वेळात पुष्कळ रंग दाखवण्याकडे त्यांचा कल असे. रागाचे रूप क्षणभर झाकावे, जवळच्या रागाची झुळूक आणावी आणि श्रोता चकित होतो न होतो तोच मूळ रागात परतावे, हा आविर्भाव-तिरोभावाचा खेळ ते लीलया करीत. कर्मठ रसिकांना हे चापल्य काहीसे खटकत असे आणि त्यांच्या आक्षेपात तथ्य नव्हते असे म्हणता येत नाही. विस्ताराचे गांभीर्य ज्याला हवे त्याने ते अन्यत्र शोधावे. तिलककेदार, मंगलतोडी यांसारखे जोडराग त्यांनी याच वृत्तीतून घडवले. जोडराग म्हणजे दोन रागांचे तुकडे एकापुढे एक ठेवणे नव्हे. दोहोंना सामाईक असा स्वर किंवा स्वरसमूह सापडला पाहिजे. तोच सांध्याचे काम करतो.

ध्वनिमुद्रित गीते सलग जोडून वाजवणारे आजचे डीजे याच दोन गोष्टी सांभाळतात. दोन गीतांचे दर मिनिटाचे ठोके सारखे करून घ्यावयाचे आणि ज्यांचे स्वरसंच जवळचे आहेत अशीच गीते पाठोपाठ लावावयाची, हे त्यांच्या कलेचे पायाभूत नियम होत. टेक्नोसारख्या प्रकारात ठोका अखंड आणि एकसारखा असल्याने तेथे वेगातील लहानसा फरकही तत्काळ जाणवतो. तबकडीच्या काळात एक अडचण मोठी होती : वेग बदलला की सूरही बदले. मिनिटाला ७८ फेऱ्यांची तबकडी सुमारे साडेब्याऐंशी फेऱ्यांनी फिरवली तर काळी चारमधील गाणे पांढरी सहात जाते. संगणकामुळे आता सूर आणि वेग परस्परांपासून अलग करता येतात. कृष्णरावांच्या पिढीजवळ अशी साधने नव्हती. तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटेच मावत, आणि तेवढ्यात जे जोडायचे ते गायक-वादकांच्या बळावर चालीतच जोडावे लागे.

प्रभात फिल्म कंपनी

प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये कोल्हापुराहून पुण्यास आली. तिच्या 'धर्मात्मा' (१९३५) या चित्रपटात बालगंधर्वांनी संत एकनाथांची भूमिका केली आणि त्याचे संगीत कृष्णरावांकडे आले. त्यानंतर 'अमरज्योती' (१९३६), 'वहाँ' (१९३७), 'गोपालकृष्ण' (१९३८), 'माणूस' (१९३९) व 'शेजारी' (१९४१) हे प्रभातचे चित्रपट त्यांनी केले. यांतील काही मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत निघाले. त्यामुळे एकच चाल दोन भाषांच्या ऱ्हस्व-दीर्घांना पेलेल अशी बांधण्याची कसरत संगीतकाराला करावी लागे. मराठीत शब्दाच्या शेवटी येणारा दीर्घ स्वर हिंदीत त्याच जागी मिळेलच असे नाही, आणि तान तर दीर्घ स्वरावरच घ्यावी लागते.

'माणूस'मधील 'कशाला उद्याची बात' हे गीत या संदर्भात अभ्यासण्याजोगे आहे. पोलीस शिपाई गणपत आणि कोठीवर गाणारी मैना यांची ही कथा. शाहू मोडक आणि शांता हुबळीकर यांनी या भूमिका केल्या. मैनेच्या कोठीवर नाना प्रांतांचे लोक येतात म्हणून हे गीत निरनिराळ्या भारतीय भाषांतून फिरते. भाषा बदलली की चालीचा ढंगही त्या त्या प्रांताकडे झुकतो, आणि प्रत्येक फेरीनंतर गाणे मुखड्याकडे परतते. पण परतताना सूर नव्याने शोधावा लागत नाही आणि ठेकाही मोडत नाही. अनेक गाणी एका धाग्यात ओवण्याचा इतका सुरेख नमुना त्या दशकातील भारतीय चित्रपटात क्वचितच आढळेल. हे कौशल्य निव्वळ गंमतीसाठी योजलेले नव्हते, हे चित्रपट पाहिल्यावर ध्यानात येते. प्रत्येकाला त्याच्या भाषेत रिझवणारी ही स्त्री स्वतः कोणाचीच नाही, हे त्या फिरत्या गाण्यातूनच प्रेक्षकाच्या मनावर ठसते.

'शेजारी'ची कथा हिंदू आणि मुसलमान शेजाऱ्यांच्या स्नेहाची व दुराव्याची. त्यातील शांताराम आठवले यांनी लिहिलेले 'लखलख चंदेरी' हे समूहगीत व त्यावरील नृत्य आजही रसिकांच्या स्मरणात आहे. मोठ्या समूहाला एकाच सुरात व एकाच लयीत बांधून ठेवण्याचा हा अनुभव त्यांना पुढे 'वंदे मातरम्'च्या कामी आला असावा.

प्रभातबाहेर 'वसंतसेना' (१९४२) या चित्रपटाला त्यांनी संगीत दिले. राजकमलच्या 'भक्तीचा मळा' (१९४४) या चित्रपटाचे संगीत त्यांचे होतेच, शिवाय संत सावता माळ्याची भूमिकाही त्यांनी स्वतः केली.

'वंदे मातरम्'साठी प्रयत्न

बंकिमचंद्र चट्टोपाध्याय यांच्या 'आनंदमठ' (१८८२) या कादंबरीतील हे गीत रवींद्रनाथ ठाकुरांनी १८९६ साली काँग्रेसच्या कलकत्ता अधिवेशनात गायिले. पुढे विष्णु दिगंबर पलुसकरांनी ते अनेक अधिवेशनांतून गाऊन देशभर पोहोचवले. १९३७ मध्ये काँग्रेसने त्याची पहिली दोन कडवी सार्वजनिक प्रसंगी गाण्यास मान्यता दिली. गीत एकच असले तरी चाली अनेक होत्या. ज्याला जी येई तो ती गाई.

कृष्णरावांनी आपली चाल झिंझोटी रागात बांधली आणि १९३०च्या दशकापासून ते आपल्या मैफलींची सांगता 'वंदे मातरम्'ने करू लागले. ब्रिटिश अमदानीत मुंबईच्या आकाशवाणी केंद्रावरील एका कार्यक्रमात त्यांनी हे गीत आरंभताच प्रक्षेपण थांबवण्यात आले. त्यानंतर त्यांनी आकाशवाणीवर गाणेच सोडले आणि स्वातंत्र्य मिळेतोवर हा बहिष्कार पाळला. नभोवाणी हे तेव्हा गायकाचे नाव घरोघरी नेणारे मोठे साधन होते. उमेदीच्या काळात त्यावर पाणी सोडणे म्हणजे कीर्ती आणि मिळकत या दोहोंवर पाणी सोडणे होय.

स्वातंत्र्यानंतर राष्ट्रगीताचा प्रश्न उभा राहिला. १९४७ मध्ये न्यूयॉर्क येथे संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या वेळी भारतीय शिष्टमंडळाकडे राष्ट्रगीताची विचारणा झाली आणि 'जन गण मन' वाद्यवृंदावर वाजवण्यात आले. ते तेथे पसंतीस उतरले. पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी ऑगस्ट १९४८ मध्ये घटना समितीत केलेल्या निवेदनात या प्रसंगाचा उल्लेख केला. राष्ट्रगीतात शब्दांपेक्षा चालीला अधिक महत्त्व असते, कारण परदेशात ते गायिले न जाता वाजवले जाते, असे त्यांचे प्रतिपादन होते. 'वंदे मातरम्' वाद्यवृंदाला आणि बँडला सहजी साधणारे नाही, अशी त्यांची अडचण होती. गीताच्या आशयावरून असलेले मतभेद निराळे होते. पण चालीविषयीच्या आक्षेपाला उत्तर देणे संगीतकाराच्या हाती होते, आणि कृष्णरावांनी ते काम अंगावर घेतले.

ही अडचण काल्पनिक नव्हती. भारतीय चाल एकेरी स्वराची असते. ती मींड आणि कणस्वर यांवर जगते. बँडमधील पितळी वाद्यांचे स्वर ठरावीक असतात आणि त्यांतून लवचीक मींड काढणे अवघड जाते. शिवाय बँडचे संगीत अनेक स्वर एकाच वेळी उमटवणारे असल्याने चालीखाली आधारस्वरांची बैठक असावी लागते. लष्करी संचलनाची चाल सर्वसाधारणपणे मिनिटाला १२० पावलांची असते. गीताचे अक्षर त्या पावलात नीट पडले पाहिजे. राष्ट्रगीताला वेळेचेही बंधन असते; 'जन गण मन'च्या पूर्ण वादनाला सुमारे ५२ सेकंद लागतात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ते शाळेतल्या पोरापासून वृद्धापर्यंत सर्वांना एका पट्टीत गाता आले पाहिजे. फार खाली गेले तर मुलांचा आवाज बुडतो, फार वर गेले तर पुरुषांचा फाटतो.

झिंझोटीची निवड या दृष्टीने विचारपूर्वक वाटते. हा खमाज थाटाचा राग असून त्यात कोमल निषाद वगळता बाकीचे स्वर शुद्ध असतात. शुद्ध गंधारामुळे पाश्चात्त्य पद्धतीची स्वरसंगत त्याच्याखाली सहज बसते. रागाचे चलन लोकगीताला जवळचे, वळणे थोडी आणि आवाजाची धाव माफक. कृष्णरावांनी मुंबईत पोलीस व नौदलाच्या बँडप्रमुखांच्या साहाय्याने या चालीचे पाश्चात्त्य स्वरलेखन करवून घेतले. एकट्याने गाण्यासाठी, स्त्री-पुरुषांच्या समूहासाठी आणि बँडसाठी अशी तिची रूपे तयार झाली. ती घेऊन ते दिल्लीस गेले आणि घटना समितीच्या सदस्यांपुढे त्यांनी प्रात्यक्षिक करून दाखवले. बँडवर हे गीत वाजते आणि त्यावर संचलनही करता येते, एवढे त्यांनी निर्विवादपणे सिद्ध केले.

निर्णय मात्र दुसऱ्या बाजूने लागला. २४ जानेवारी १९५० रोजी घटना समितीचे अध्यक्ष डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी 'जन गण मन' हे राष्ट्रगीत असेल आणि स्वातंत्र्यलढ्यात ऐतिहासिक कामगिरी बजावणाऱ्या 'वंदे मातरम्'ला त्याच्या बरोबरीचा मान राहील, असे निवेदन केले. संगीताच्या कारणास्तव जो प्रश्न उपस्थित झाला होता त्याचे उत्तर मिळाले असतानाही निकाल बदलला नाही. त्यामागे संगीताबाहेरची कारणे होती, हे उघड आहे. या बरोबरीच्या मानाला घटना समितीत मिळालेल्या मान्यतेत कृष्णरावांच्या खटपटीचा वाटा होता, असे त्यांचे चाहते मानतात. झिंझोटीतील ती चाल मात्र लोकांच्या ओठी राहिली नाही. 'आनंदमठ' (१९५२) या हिंदी चित्रपटातील हेमंतकुमारांची चाल आणि आकाशवाणीवरील देस रागातील चाल याच सर्वत्र रुळल्या.

बुद्धवंदना

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या इच्छेवरून कृष्णरावांनी पाली भाषेतील बुद्धवंदनेला चाल दिली आणि तिचे ध्वनिमुद्रण १९५६ मध्ये झाले. पाली उच्चारांतील बारकावे समजावेत म्हणून त्यांनी त्या भाषेचा अभ्यास केला. याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपूर येथे धम्मदीक्षेचा सोहळा झाला. वंदना ही हजारोंनी एकत्र म्हणावयाची असल्याने चालीत तान-पलट्यांना स्थान नव्हते. अक्षर स्पष्ट पडावे आणि श्वास पुरावा, इतकेच पाहावयाचे होते. मैफलीत चमत्कृतीसाठी ओळखल्या जाणाऱ्या गायकाने येथे स्वतःला पूर्ण बाजूला ठेवले आहे. आळंदीच्या वैदिक घराण्यात जन्मलेल्या माणसाने हे काम निष्ठेने केले, ही गोष्ट त्या काळच्या महाराष्ट्राच्या संदर्भात नोंदवण्यासारखी आहे.

अध्यापन आणि ग्रंथलेखन

भारत गायन समाजाचे प्रमुख म्हणून कृष्णरावांनी दीर्घकाळ अध्यापन केले. गुरुमुखातूनच विद्या घ्यावी असा आग्रह असलेल्या काळात त्यांनी बंदिशी स्वरलिपीत उतरवून 'रागसंग्रह' या नावाने सात भागांत प्रसिद्ध केल्या. त्यामुळे भास्करबुवांच्या परंपरेतील आणि त्यांच्या स्वतःच्या अनेक चिजा खेड्यापाड्यांतील विद्यार्थ्यांच्या हाती आल्या. 'गोपालकृष्ण'मध्ये कृष्णाची भूमिका करणारे पं. राम मराठे यांनाही त्यांची तालीम लाभली. पुढे गायकनट म्हणून विख्यात झालेल्या मराठ्यांच्या गाण्यातील चपळ लयकारीत मास्तरांची आठवण करून देणाऱ्या जागा सापडतात.

सन्मान आणि अखेर

करवीरपीठाच्या शंकराचार्यांनी त्यांना 'संगीतकलानिधी' ही पदवी दिली. भारत सरकारने १९७१ मध्ये त्यांचा पद्मभूषण किताबाने गौरव केला आणि १९७२ मध्ये संगीत नाटक अकादमीने त्यांना आपली फेलोशिप प्रदान केली. २० ऑक्टोबर १९७४ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्या स्वरातील 'वंदे मातरम्'च्या तबकड्या संग्राहकांकडे आढळतात.